मॅडम आणि माझा राजीनामा

धुळ्याला सासरी आल्यापासून पाहुण्यांचा एकच प्रश्न असतो, "जळगावला काय करायचीस?" मी म्हणते, "प्राण्यांच्या संस्थेत होते." मग पुढचा प्रश्न, "म्हणजे काय करायचीस?" मी मुळात कमी बोलणारी, पण इथे एका वाक्यात भागत नाही. सहा वर्षांत साठवायचे म्हणून किस्से साठवले नाहीत. कपड्यांवरच्या केसांसारखे ते रोज आपोआप घरी यायचे आणि झटकले तरी चार राहायचेच.

*

आमची संस्था नानांनी काढलेली. नाना म्हणजे चित्रकलेचे निवृत्त मास्तर. मुलाखतीला गेले तेव्हा त्यांनी माझी फाइल उघडलीच नाही. लंगडणारं एक करडू माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "हं, आता नाव, पत्ता, शिक्षण सांगा."

मी सांगितलं. करडू झोपलं.

नाना ड्रायव्हर भास्करभाऊंना म्हणाले, "आवाज बारीक आहे. ठेवून घेऊ."

*

हेल्पलाइनचा मोबाइल माझ्याकडे असायचा. एकदा फैजपूरहून एका काकांचा फोन आला.

"प्राण्यांचे हक्क तुमच्याकडेच हायेत ना?"

"हो काका."

"मंग वानरं माह्या बागेत बसून केळी खाऊन राह्यले. त्यांचे हक्क तुमच्याकडे, तर माह्या केळीचे हक्क कोनाकडे हायेत तेवढं सांगा."

मी फोन नानांकडे दिला. नानांनी सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि रजिस्टर पुढे ओढलं. म्हणाले, "याची नोंद मीच करतो."

रजिस्टरात 'केलेली कार्यवाही' असा एक रकाना आहे. त्यात नानांच्या सुंदर अक्षरात आजही लिहिलेलं आहे : निरुत्तर.

*

आता मॅडम. डाळ मिलच्या गेटवर राहणारी ही तांबूस कुत्री. आम्ही गल्लोगल्लीची कुत्री नसबंदीसाठी धरून न्यायचो आणि बरी झाली की परत सोडायचो. मॅडम मात्र सहा वर्षांत एकदाही हाती लागली नाही. वर्षातून दोनदा पिल्लं द्यायची आणि ती कोणाकोणाच्या गळ्यात घालायचं काम माझं.

तिला आमच्या व्हॅनचा आवाज माहीत होता. म्हणून आम्ही रिक्षातून गेलो. तिला आमचे चेहरे माहीत होते. म्हणून मी स्कार्फ गुंडाळला आणि भास्करभाऊंनी वीस वर्षांची मिशी काढली. मॅडमनं भास्करभाऊंकडे एकदा नीट पाहिलं आणि शांतपणे मिलमागे निघून गेली. आम्ही ऑफिसात पोचतो न पोचतो तोच वॉचमनचा फोन, "आली परत. जागेवर बसली."

दुसऱ्या दिवशी भास्करभाऊंचा चेहरा पडलेला. म्हणाले, "कुत्रीनं ओळखलं ताई, बायको नाही ओळखून राह्यली."

*

लग्न ठरलं तेव्हा धुळ्याच्या मंडळींनी वरातीसाठी घोडी ठरवली. लग्नात घोडी नको म्हणून नाना गावभर पत्रकं वाटत असत आणि ती पत्रकं लिहायचे मी. होणाऱ्या नवऱ्याला, योगेशला, फोन केला, "घोडी आली तर मी मांडवात येणार नाही." एवढं लांब वाक्य मी त्याच्याशी पहिल्यांदाच बोलले होते. मागून सासूबाईंचा आवाज आला, "मंग नवरदेव काय पायी येई?"

तोडगा भास्करभाऊंनी काढला. आमचीच व्हॅन धुतली, झेंडूच्या माळा सोडल्या. माळांनी सगळं झाकलं, फक्त मोठ्या अक्षरातला हेल्पलाइनचा नंबर तेवढा उघडा राहिला. मागे, कुत्री न्यायच्या जाळीआड, फेटा बांधलेला योगेश.

मी मुंडावळ्या बांधून बसलेली आणि पर्समधला मोबाइल वाजला. सवयीनं उचलला.

"ताई, तुमच्या गाडीत एक माणूस अडकेल आहे. घाबरेल दिसतो."

*

लग्नानंतर महिनाभर एसटीनं धुळे-जळगाव केलं, मग अंगात ताकद उरली नाही. धुळ्यात एका शाळेच्या ऑफिसात जागा मिळाली. सोमवारी हजर व्हायचं आणि संस्थेनं मोकळं केल्याचा कागद न्यायचा. राजीनामा नानांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचून खिशात घातला.

"मॅडम धरून दे, सही घेऊन जा."

सगळे हसले. नाना हसले नाहीत. शनिवार उजाडला तरी कागद त्यांच्या खिशातच. मी रोज तगादा लावायला हवा होता. लावला नाही. राजीनामा मीच लिहिला होता, आणि सही होऊ नये असंही मलाच वाटत होतं.

*

शनिवारी निरोप समारंभ होता. सून नेमकं काय सोडून येते आहे ते बघायला सासूबाई धुळ्याहून आल्या. नानांनी त्यांना शाल पांघरली. पेढे वाटून झाले, आणि धरता नाही आली तरी मॅडमचा निरोप घेऊ म्हणून सगळे व्हॅनमधून डाळ मिलवर गेलो.

सासूबाई आधी उतरल्या आणि पाय मोकळे करत गेटच्या पलीकडे गेल्या. मग मी उतरले. व्हॅनच्या आवाजानं मॅडम उठून उभीच होती; मला बघताच नेहमीसारखी निघाली, अनोळखी बाईच्या बाजूला. सासूबाईंच्या हातात पेढा होता. मॅडम थांबली. तिनं वास घेतला.

सासूबाईंचा जन्म शेळ्या राखण्यात गेलेला. त्यांनी खांद्यावरची शाल काढली, तिच्यावर टाकली, आणि गाठोडं उचलावं तशी मॅडम काखेत घेतली. शालीतून फक्त नाक बाहेर.

"इतलाच कामले सहा वरीस?"

भास्करभाऊंनी आपल्या अर्धवट वाढलेल्या मिशीवरून हात फिरवला. नानांनी खिशातून कागद काढला, व्हॅनच्या बॉनेटवर पसरला, पेन उघडलं. मी दुसरीकडे बघत होते.

"ही सही कसानी?" सासूबाईंनी विचारलं.

"सूनबाईंना मोकळं करतोय," नाना म्हणाले आणि नावाचं पहिलं अक्षर लिहिलं.

सासूबाईंनी एकदा व्हॅनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि काखेतली मॅडम जरा वर सरकवली.

"आमना गल्लीमा बी चार कुत्र्या शेतस, नाना. त्या कोन धरी?"