डोंगरातल्या घराचा हीटर

शारजात आमचं एसीच्या डक्टचं वर्कशॉप होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पत्रा कापायचा, वाकवायचा, त्याचे चौकोनी नळ करायचे आणि लोकांच्या घरांत, दुकानांत, गोदामांत गार हवा पोचवायची, हा धंदा. साइटची कामं आमचे हे बघायचे. मी लग्नाआधी मिरजेत ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता, त्यामुळे ड्रॉइंगं, फोन आणि आल्यागेल्याचा चहा माझ्याकडे.

राहायला आम्ही शारजाच्या रोल्ला या गजबजलेल्या भागात होतो. खाली कापडाची दुकानं, वर दोन खोल्यांचा फ्लॅट. त्या फ्लॅटमध्ये आमच्या मुलीचा दमा वाढत गेला. बाहेर धूळ, आत दिवसभर एसी, आणि तिच्या छातीतून येणारी ती बारीक शिट्टी. दोनदा हॉस्पिटलात ठेवावं लागलं. दुसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, "हिला काही वर्षं इथल्या हवेतून बाहेर काढा." म्हणून पहिली संपल्यावर तिला मिरजेला माझ्या आईकडे ठेवलं. तिकडे गेल्यावर पंधरवड्यात शिट्टी थांबली. आई फोनवर म्हणाली, "अगं, अंगणात पळतीय बघ." मी "बरं झालं, बरं झालं" म्हणत राहिले. फोन ठेवला आणि तिचा गणवेश कपाटात तसाच टांगलेला दिसला.

दर शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी आम्ही फोन करायचो. पहिले काही महिने ती रडायची. मग रडायची थांबली, आणि ते मला जास्त जड गेलं. मिरजेच्या घरी माझे भाऊ, वहिनी, सगळेच माझ्या आईला 'आई' म्हणतात, तशी तीही म्हणू लागली. एका शुक्रवारी मी विचारलं, "नवीन फ्रॉक आवडला का गं?"

"थांब हं, आईला विचारते कुठला ते," ती म्हणाली, आणि लांब कुणाला तरी ओरडून सांगितलेलं मला ऐकू आलं, "आई! शारजाची आई विचारतीय, फ्रॉक कुठला!"

शारजाची आई. यांना मी ते लगेच सांगितलं नाही. संध्याकाळी भाजी निवडताना सांगितलं. हे समोर बसून माझ्याबरोबर मेथी निवडायला लागले.

त्याच सुमारास वर्कशॉपमध्ये एक अरब गृहस्थ आले. पांढरा पायघोळ कंदुरा, चाळिशीचे, हिंदी आमच्यापेक्षा फर्डं. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मुझे घर में हीटर लगवाना है."

यांना वाटलं, गिझर म्हणतायत. "पानी का?"

"नहीं भाई, घर गरम करने का."

हे माझ्याकडे बघायला लागले. पन्नास अंशांच्या उन्हाळ्यात गार हवेसाठी लोक आमच्या पाया पडायचे, आणि हा माणूस उलटंच मागत होता. पण त्यांनी नीट सांगितलं. त्यांचं घर पूर्व किनाऱ्यावरच्या खोर फक्कान गावामागे, डोंगराच्या पायथ्याशी. हिवाळ्यात तिथे पहाटे चांगलाच गारठा पडतो. त्यांची आई लेबनॉनच्या डोंगराळ भागातली, तरुणपणी मुलींच्या शाळेत शिकवायला इकडे आली आणि इथेच लग्न करून राहिली. आता तिचे सांधे धरतात. हे गृहस्थ अमेरिकेत शिकले होते. तिकडे घराघरांत असते तशी फर्नेस त्यांनी मागवून घेतली होती. कपाटाएवढी, डिझेलवर चालणारी भट्टीच ती. तिची गरम हवा डक्टमधून खोल्याखोल्यांत सोडायची. आधीच्या एका कंत्राटदारानं ती कोठीच्या खोलीत बुटक्या ओट्यावर बसवली. पण घराशेजारून वादी जाते, म्हणजे एरवी कोरडी असणारी नदी. डोंगरात पाऊस झाला की ती क्षणात भरते. मागच्या हिवाळ्यात पाणी कोठीत शिरलं आणि बर्नरमध्ये चिखल गेला. नवा बर्नर आणला होता. आता फर्नेस जमिनीपासून इतकी वर हवी होती की पाणी तिला शिवणार नाही.

"और एक बात," ते जाता जाता माझ्याकडे बघून म्हणाले, "सिस्टर को भी साथ लाना. घर में माँ दिन भर अकेली रहती है."

शुक्रवारी फोन झाल्यावर निघालो. वाळू संपून काळे-तपकिरी डोंगर सुरू झाले, तसं मी गाडीची काच खाली केली. इतकी स्वच्छ हवा मी शारजात कधी घेतली नव्हती.

म्हातारी बाई दारातच उभी होती. लोकरीचा जाड कोट, पायांत दोन-दोन मोजे, आणि इंग्रजी अगदी शाळेतल्या बाईंसारखं, प्रत्येक शब्द सुटा. मला म्हणाली, "ड्रॉइंग तू करतेस? मग तूच आधी खोली बघ."

कोठीच्या भिंतीवर पाण्याची रेघ स्पष्ट दिसत होती, माझ्या गुडघ्याच्या थोडी वर. ह्यांचं म्हणणं होतं की फर्नेस सरळ छताला टांगू. एसीची युनिटं आम्ही तशीच सळ्यांवर टांगायचो, हात बसलेला होता. त्यांनी शिडी लावून छताला हातोडी मारून पाहिली, तर प्लास्टरचा पापुद्रा खाली आला आणि आतली गंजलेली सळई दिसली. जुनं घर, समुद्राची खारी वाळू वापरलेलं.

"खलास," हे शिडीवरूनच म्हणाले. "टांगायचं नाही."

मग ओटा उंच बांधायचा का, असा विचार निघाला. मी म्हटलं, "ओट्याला पाणी धडकणार, आणि मशीनची थरथर भिंतीत जाणार ती वेगळीच. पाय देऊ या. खालून पाणी जाऊ दे." हे थोडा वेळ रेघेकडे बघत राहिले आणि म्हणाले, "काढ मग." मी तिथेच कोठीत बसून कच्चं ड्रॉइंग काढलं. लोखंडी अँगलची चौकट, चार पाय, प्रत्येक पायाखाली जाड पट्टी फरशीत बोल्टनं घट्ट केलेली. मागच्या आणि दोन्ही बाजूंना तिरके आधार, पुढची बाजू मोकळी, कारण फिल्टर तिथून काढायचा. चौकटीवर रबराचे जाड तुकडे, म्हणजे थरथर खाली उतरणार नाही.

बाईसाहेब स्टूल घेऊन शेजारी बसल्या होत्या. पेन्सिल चालताना बघत त्यांनी सहज विचारलं, "मुलं किती?"

"एक मुलगी."

"मग आज कुठे आहे? आणायचं होतंस."

मी सांगितलं. का कोण जाणे, फ्रॉकचंही सांगितलं, 'शारजाची आई' हेसुद्धा. इंग्रजीत सांगताना ते जरा सोपं गेलं. त्यांनी माझा हात धरला नाही, की काही समजूत घातली नाही. कोट सावरत म्हणाल्या, "बिन्ती, मी निघाले तेव्हा आईला म्हटलं होतं, दोन वर्षांत येते." बिन्ती म्हणजे माझी मुलगी, एवढं अरबी मला येत होतं. "लग्न झालं, मूल झालं. मग आमच्याकडे लढाई सुरू झाली. रस्ते बंद, विमानं बंद. जायला मिळालं तेव्हा ती नव्हती. घराचं छप्परसुद्धा नव्हतं."

"म्हणून हीटर?" मी विचारलं, आणि विचारल्यावर वाटलं, फार पुढे गेले.

त्या हसल्या. "मुलाला वाटतं सांध्यांसाठी. थंडीचं काय, ती ब्लँकेटनंही जाते. आमच्याकडे बर्फ पडायचा. पण मी उठायचे तेव्हा घर गरम झालेलं असायचं. आई माझ्याआधी उठून शेगडी पेटवायची. डोळे उघडायच्या आधीच कळायचं, कुणीतरी उठलंय. इतक्या वर्षांत या घरात सगळ्यांच्या आधी मीच उठते."

मी खाली मान घालून तिरक्या आधारांची मापं लिहीत राहिले.

स्टँड आठवड्यात तयार झाला. तांबडा रंग, त्यावर गंज न धरणारा काळा. फर्नेस उचलून त्यावर ठेवताना चौघांची दमछाक झाली. ह्यांनी चारी बाजूंनी लेव्हल लावून पाहिली, एका पायाखाली पातळ पत्रा सरकवला, पुन्हा लावली. डक्ट जोडले, धुराचा पाइप भिंतीतून बाहेर काढला. हे म्हणाले, "यल्ला, चला," आणि बटण दाबलं.

आधी गुरगुर झाली, मग जळक्या धुळीचा वास आला आणि बाईसाहेब खोकल्या. पण वास विरला, आणि बैठकीच्या खोलीतल्या जाळीतून ऊबदार हवा यायला लागली. त्यांनी जाळीवर तळवा धरला. मग हात काढून दोन्ही तळवे गालांना लावले आणि अरबीत काहीतरी पुटपुटल्या. मुलगा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मीही जाळीपुढे हात धरला. मिरजेत तेव्हा थंडी पडली असणार. तिला स्वेटर घातला असेल ना, कानटोपी ती काढून टाकते, हे आईला ठाऊक असेल ना. आईला सगळं ठाऊकच होतं, माझ्यापेक्षा जास्त.

जानेवारीच्या शेवटी डोंगरात दोन दिवस पाऊस झाला. खोर फक्कानचा रस्ता बंद झाला. फोन लागेना. हे वरून शांत होते, पण बोल्टची लांबी मला तीनदा विचारून झाली. तिसऱ्या दिवशी वर्कशॉपचा फोन वाजला.

"बिन्ती, पाणी आलं होतं," बाईसाहेब म्हणाल्या. "रेघेच्याही वर आलं. तुझ्या स्टँडखालून गेलं. बैठक उंचावर, ती कोरडी राहिली. आम्ही शेजाऱ्यांनाही इकडेच बोलावलं, सगळे आमच्या बैठकीत झोपले." आणि मग एकदम, "तुझ्या मुलीला सुट्टी कधी असते?"

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ती आली. विमानतळावर एका ओळखीच्या बाईंबरोबर बाहेर आली, उंच झालेली, समोरचा एक दात पडलेला. मला बघून हसली, पण पळत आली नाही. रोल्लाच्या घरात तिसऱ्या दिवशी ती शिट्टी परत सुरू झाली. मी घाबरून बाईसाहेबांना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "विचारतेस काय? घेऊन ये."

उरलेली सुट्टी आम्ही मायलेकी डोंगरातल्या त्या घरी राहिलो. हे गुरुवारी संध्याकाळी यायचे. नोव्हेंबरमध्ये तिथे फार थंडी नसते, पण बाईसाहेब तिच्यासाठी मुद्दाम पहाटे थोडा वेळ हीटर लावायच्या. ती जाळीसमोर गोधडी पांघरून बसायची आणि बाईसाहेब तिला अरबी आकडे शिकवायच्या. तिचा श्वास मोकळा होता. एका सकाळी ती मला चिकटून म्हणाली, "आई, आपण इथंच राहू या की. ह्या आज्जीला सांगून इथंच शाळा काढू या." 'आई' म्हणताना यावेळी तिनं मागे शारजाचं काही जोडलं नाही. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि बराच वेळ हलले नाही.

सुट्टी संपली, ती गेली. मग वर्षातून एकदा, कधी मी जायचे, कधी ती यायची. दमा हळूहळू ओसरला. दोन हजार साल उलटल्यावर डॉक्टरांनी हो म्हटलं, तोवर ती सहावी संपवून सातवीत गेली होती. आम्ही समुद्राच्या बाजूला, कमी धुळीची जागा घेतली आणि तिला कायमची आणली. बाईसाहेबांना फोन करून सांगितलं तेव्हा त्या पलीकडून नुसत्या "हमदुलिल्ला, हमदुलिल्ला" म्हणत देवाचे आभार मानत राहिल्या.

लोक म्हणायचे, चला, सुटलात. सुटलोच होतो. पण दुसरीतली, तिसरीतली, चौथीतली ती मुलगी मला कुणी दिली नाही. तिचे दात कुठले आधी पडले, सायकल कुणी शिकवली, पोहायला भिते का, हे सगळं मला आईला विचारावं लागायचं. वर्षभरात ती शाळेतल्या मैत्रिणींसारखी इंग्रजीत उत्तरं देऊ लागली. मी मराठीत विचारायचे, ती "येस, आई," "नो, आई," म्हणायची. मिरजेचं ते 'पळतीय', 'विचारतीय' गेलं. ते जावं असं मला कधी वाटलं नव्हतं. फोनवर त्याच आवाजावर मी किती शुक्रवार काढले होते.

केस लांब झाले होते तिचे. शाळेत जाताना स्वतःच वेणी घालायची, भराभर, आरशात न बघता. ती आली त्या पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं होतं, "ये, मी घालते."

"येते मला," ती म्हणाली, आणि खरंच येत होती.

पुढे कितीतरी दिवसांनी, एका सकाळी ती कंगवा घेऊन आली आणि माझ्यासमोर खाली बसली. मी तीन पेड केले.

"सैल होतीय, आई," ती म्हणाली. "थोडी घट्ट."

मी वेणी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली.