ताईची स्विस पत्रिका

माझ्या ताईची लग्नपत्रिका आमच्या खानदानातली सर्वांत देखणी पत्रिका होती, आणि ती पाहून सर्वांत आधी मोठेबाबा रुसले.

मी नुकताच ग्राफिक डिझाइनचा डिप्लोमा घेतला होता. (घरच्यांचं दुर्दैव!) खोलीभर जगातल्या मोठमोठ्या डिझायनरांची पोस्टरं. कोणी दोन रेषांत अख्ख्या कंपनीचं चिन्ह काढलेलं, कोणी अक्षरं नुसती नाचवलेली. पण माझा जीव स्विस मंडळींवर! शिस्तीत बसवलेली अक्षरं आणि भरपूर मोकळी जागा. पत्रिकेवर मी दोन नावं, तारीख आणि सभागृह काळ्या अक्षरांत ठेवलं. बाकी सगळं पांढरं. निमंत्रकांची चाळीस नावं सरळ उडवली!

"शाई संपली का गा?" बाबांनी विचारलं.

"बाबा, मोकळी जागा बोलते!"

बोलली ती थेट मौदा गावाहून. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकताच बाबांच्या थोरल्या भावाचा, म्हणजे मोठेबाबांचा फोन! "पोट्ट्या, हे लग्नाची पत्रिका हाये का तेरवीची? अन् माह्यं नाव काहून नाही?"

"मोठेबाबा, ही स्विस स्टाइल आहे."

"मंग वऱ्हाडही तिकडूनच आण! मी नाही येऊन राहिलो!"

पाठोपाठ जरीपटक्याला राहणारी आत्या रुसली. ताईने भोकाड पसरलं. तिला सायकल शिकवली मोठेबाबांनी, कडेवर घेऊन शाळेत सोडलं मोठेबाबांनी. "ते नाही आले तर मी मांडवात पाय ठेवत नाही!" इतवारीतल्या छापखान्याने लगीनसराईत पुन्हा छापायला हात वर केले. पत्रिका तर सगळ्या छापून घरी आलेल्या! मला धरणी ठाव देईना.

आईने पत्रिका उलटसुलट पाहिली. "येवढी जागा रिकामी पडली हाये नं बाप्पा!" जन्मभर शाळेत फळा लिहिलेली बाई ती. लाल शाईचा पेन काढून तिने ठसठशीत लिहिलं: 'निमंत्रक', आणि खाली मोठेबाबांचं नाव.

"आई! माझी रचना!"

"हट तिकडं! फुंकर मार, शाई वाळू दे."

मग ज्याला पत्रिका, त्याचंच नाव निमंत्रक. तीन दिवस ती लिहीत होती आणि मी, डिप्लोमाधारक, फुंकर मारत होतो!

लग्नाच्या दिवशी मोठेबाबा सगळ्यांत आधी हजर. पत्रिका फडकवत म्हणाले, "पाहा, माह्यं एकट्याचंच नाव!"

"अन् हे काय हाये मंग?" आत्याने पर्समधून आपली काढली. फुफाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, खिशातून काढली. बघता बघता अर्ध्या मांडवाने पत्रिका काढल्या. मी हळूच कूलरमागे सरकलो.

मोठेबाबांनी सगळ्या पत्रिका पाहिल्या, आईकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटले. "सारेच निमंत्रक! मंग पाहुणा कोण गा?" आणि त्यांनी बुंदीची बादली उचलली! आत्याने पुऱ्या घेतल्या, फुफाजी पाणी वाढत फिरले. जो तो यजमान, रुसायला कोणी उरलंच नाही! ताई मांडवात अशी खुलली की बस! आमच्या घराण्यात मांडवात कोणी न रुसता पार पडलेलं हे पहिलं लग्न. मला तर विश्वचषक जिंकल्यासारखं वाटलं.

जेवणं आटोपतात तोच दोघांनी मला गाठलं. "अश्शीच पत्रिका पाहिजे आमाले!" माझी छाती फुगली. आता आमच्या घरी पत्रिकांचं काम जोरात आहे. लिहिते आई. आणि जिथे आई लिहीत नाही, तिथलं डिझाइन माझं!