हिलालबुवांची लेक दुपारी दार लावते

निंबाला आपल्या सासऱ्याचा भारी तोरा. सुरतेच्या गोडादऱ्यातल्या लूमच्या कारखान्यात नवा कारागीर आला, की पहिला चहा संपायच्या आत त्याला कळायचं, हा निंबा म्हणजे हिलालबुवांचा जावई. कानबाईच्या वह्या, म्हणजे श्रावणात देवीपुढे ढोलावर म्हणायची लांबच लांब गाणी, खान्देशात बुवांसारखी कुणी म्हटली नाहीत. दोन वर्षांपूर्वी बुवा अचानक गेले आणि त्यांच्या जागी मुलगा कुंदन उभा राहिला. त्याचे व्हिडिओ आता सुरतेत मोबाइल-मोबाइलवर वाजतात. निंबा ते लूमच्या खडखडाटात कानाला लावून ऐकायचा आणि शेजारच्या काशिनाथला ओरडून सांगायचा, "मना साला शे!"

घरी मात्र बुवांची लेक तारा कधी गुणगुणलीसुद्धा नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली. दिवसभर ती साड्यांवर टिकल्या चिकटवायची, तीही मुकाट्याने. सुरुवातीला निंबाने एकदा गळ घातली तर म्हणाली, "आमना घर पोरी वही म्हनतस नही."

ते त्याला पटलंही होतं. कानबाईचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, घरच्याच माणसांनी खायचे असतात, सासरी गेलेल्या लेकीला त्यातला तुकडा मिळत नाही. बुवांनी वह्यांचंही तसंच ठेवलं होतं. आज शिकवलेली लेक उद्या ते सगळं परक्याच्या घरी घेऊन जाणार, मग शिकवायचं कशाला? कारखान्याच्या दाराबाहेर चहाला बसलेल्या कारागिरांना निंबा हे कौतुकाने सांगायचा. बुवांचा जावई होणं सोपं होतं, लेक होणं कसं असेल हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं.

आषाढ लागला आणि ताराचा घसा बसायला लागला. संध्याकाळी निंबा घरी यावा तर हिचा आवाज घोगरा. "सर्दी शे," ती म्हणायची. पण नाक कोरडं, डोळे लकाकणारे, आणि गालात ज्येष्ठमधाची काडी. आठवड्यातून दोनदाच होणारी ही कसली सर्दी? मंगळवारी आणि शुक्रवारी. निंबा काही फार हुशार नव्हता, पण नवरा होता. एवढं त्याला मोजता आलं.

त्यात शेजारच्या मालतीबाईंनी तेल ओतलं. "निंबाभाऊ, तुमनी बायको दुपारले दार लावी लेस. एवढ्या गरमीमा?" म्हातारीने नुसती मान हलवली.

तारा आंघोळीला गेली तेव्हा त्याने तिचा मोबाइल चाळला. 'शीतल पार्लर' नावाचा एक नंबर होता, आणि तासतासभर बोलणं. नऊ वर्षांत जी बाई एकदा पार्लरची पायरी चढली नाही, तिचं शीतलशी एवढं काय असेल? त्याने तिच्याच मोबाइलवरून तो नंबर लावला. पलीकडून पुरुषाचा दबका आवाज आला, "आज लवकर? ते गयात का?"

निंबाने फोन ठेवून दिला. त्या रविवारी तो आपल्या भावाकडच्या जेवणालाही गेला नाही. मनात एकच घोळत होतं: आपला संसार मोडला, आणि तो मोडल्याचं आपल्याला शेवटी कळतंय.

शुक्रवारी त्याने पोटदुखीचं निमित्त केलं, आपल्या मशीनवर काशिनाथला लक्ष ठेवायला सांगितलं आणि तीन वाजता घर गाठलं. दार आतून बंद. त्याने कान लावला.

"तसं नही," तारा म्हणत होती. "धीरे. कोनी ऐकी."

मग पुरुषाचा आवाज. मग पुन्हा तारा, "परत."

निंबाने दारावर दणादण लाथा घातल्या. आत एकदम शांतता झाली. दार उघडलं तेव्हा तारा पांढरीफटक उभी होती आणि खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्याने साड्यांचा ढीग उपसला, टिकल्या घरभर सांडल्या. तळाशी मोबाइल निघाला, चालू. पडद्यावर कुंदन मांडी घालून बसला होता. ज्याच्या एका हाकेवर मांडवभर माणसं उठून नाचतात तो कुंदन, घाम पुसत, मास्तरपुढे बसलेल्या ढ पोरासारखा.

"दाजी," तो कसाबसा म्हणाला, "कोनले सांगू नका."

हळूहळू सगळं बाहेर आलं. बुवा कुंदनला पुढ्यात घेऊन शिकवायचे तेव्हा कुंदनचं लक्ष बँडच्या कीबोर्डवर असायचं. भिंतीपलीकडे भाकरी थापणाऱ्या ताराला मात्र ओळ न् ओळ पाठ होत गेली. बुवांनी काही लिहून ठेवलं नव्हतं. ते गेले तेव्हा अर्ध्या वह्या एका तारालाच येत होत्या. दोन वर्षं ती फोनवरून भावाला शिकवत होती, यंदा श्रावण तोंडावर आल्यापासून आठवड्यातून दोनदा तासतासभर, आणि सुरत त्याला डोक्यावर घेत होती.

निंबाला आधी हायसं वाटलं, मग स्वतःची शरम वाटली, आणि शेवटी राग आला.

"मले का नही सांगं? महिनाभर मना जीव टांगेल व्हता. मी काय काय समजनू तुले!"

"माहीत व्हतं मले," तारा म्हणाली. "तुम्ही मना मोबाइल देखा, तेबी माहीत व्हतं."

"तरी गप्प?"

तारा खाली बसून टिकल्या गोळा करू लागली. "मनं नाव गयं ते मनं एकलीनं जाई. कुंदननं गयं ते बाबानं जाई."

निंबा भिंतीला टेकून बसला. बायकोने स्वतःची अब्रू पणाला लावली होती, तीही अशा बापाच्या नावासाठी, ज्याने तिला एक ओळ शिकवली नव्हती. त्याला तिचा हात धरावासा वाटला, पण धरवेना. मोबाइलमधून कुंदन दबकत म्हणाला, "ताई, उद्या कार्यक्रम शे. पुढली ओळ?"

ताराने नवऱ्याकडे पाहिलं.

"म्हन," निंबा म्हणाला. "मी कोनले सांगाव नही."

तिने डोळे मिटले आणि ओळ उचलली. बसलेल्या घशातूनही आवाज असा सरळ वर गेला की निंबाच्या अंगावर काटा आला. नऊ वर्षं हा आवाज त्याच्याच घरात, त्याच्या हाताच्या अंतरावर गप्प बसून होता.

कुंदनने तिच्यामागून ती ओळ म्हटली. चुकला.

"परत," तारा म्हणाली.