स्क्रीनसेव्हरमधला फोटो

हे आजवर कोनाच्याच कानावर घातलं नाई मी. नवऱ्याच्या नाई. अम्मी गेली, तिच्याही नाई. दुआले हात उचलले अन् ही गोष्ट ओठावर आली का मी घाईघाईनं दुसरंच काईतरी मागून टाकते. तुले सांगून राह्यली, काऊन का तू मले ओळखत नाई. ओळखीच्या मानसाले सांगाची हिंमत माह्यात नाई, हे आधीच सांगून ठेवते. मधात अडखळली तं अडखळू दे.

आलापल्लीले बाजाराच्या रस्त्यावर आमच्या अब्बांचा फोटो स्टुडिओ होता. घरी आम्ही हिंदी बोलो, दुकानात असं — जसं तुह्याशी बोलून राह्यली तसं. बारावी झाली अन् माहं शिक्षन बंद झालं. कोनी मारलं नाई, कोनी ओरडलं नाई. अब्बा एवढंच म्हनले, "बेटा, अब दुकान देख ले." रोलचे कॅमेरे जाऊन डिजिटल आले होते, अब्बांचे डोळे पडद्यावर ठरत नव्हते, अन् पोरगी दुकानात असली का बायामानसं फोटोले मोकळ्या बसत. मंग काय — घर ते दुकान, दुकान ते घर. मधातल्या रस्त्यानं अब्बांच्या मागं मागं चालाचं, खाली पाहून.

पन तो कॉम्प्युटर! बाप्पा, काय सांगू तुले. मामानं नागपूरहून थीमची एक सीडी आनून देली होती. घरातली खुर्ची इकडची तिकडं कराची तं अम्मीले विचारा लागे, अन् इथी मी अख्खं आभाळ बदलवत होती. सकाळी समुद्र, दुपारी वाळवंट. माउसच्या बानाच्या जागी पळनारा घोडा आनला. फोल्डरचे पिवळे डबे काढून फुलपाखरं बसवली. विंडो बंद केली का पानी आटल्यावानी आटत जाय. लाइन गेली अन् यूपीएस कुईकुई कराले लागला का मी आधी माही थीम सेव्ह करो, गिऱ्हाइकाचं काम मंग. अब्बा हासत. "कॉम्प्युटर है के दुल्हन?" म्हनत.

सगळ्यात लाडका माहा स्क्रीनसेव्हर. कॉम्प्युटरले जराभर हात नाई लागला का पडद्यावर आपोआप फोटो सुरू होत. एक फोटो विरघळून दुसरा, दुसरा गरगर फिरून तिसरा. त्यासाठी मी 'बेस्ट' नावाचा फोल्डर केला होता. त्यात माह्या हातचं काम. ज्याइच्या मांगचा पडदा काढून मी ताजमहाल नाईतं बगीचा लावला, ते फोटो. मॉनिटर गिऱ्हाइकाकडं फिरवून ठेवला होता, बॅकग्राउंड पसंत कराले सोपं जावं म्हनून. अन् लोकं बाकावर बसून पाहत, आ वासून. "शबानाबाई, हे तुमी केलं?" — कोनी असं म्हटलं का दिवसभर पाय जमिनीवर नसत माहे.

अब्बांचा एक कायदा होता. शोकेसच्या काचेत कोनाचाच फोटो विचारल्याबिगर लावाचा नाई. पोरीचा तं मुळीच नाई. लोकं आपल्या लेकीबाळी ज्या भरोशानं धाडतात, तो तुटला का दुकान गेलं, म्हनत. पन कॉम्प्युटरचा पडदाबी शोकेसच झाला, हे त्याइच्या ध्यानात आलं नाई. माह्या ध्यानात आलं होतं का? — थांब. येतेच तिथी.

सुनीता अन् मी बारावीपर्यंत एका बेंचावर बसलो. ती जंगलातल्या गावची, गोंडाची पोरगी, आलापल्लीले होस्टेलवर राहे. माहं कॉलेज सुटलं, तिचं चालू राह्यलं. सुट्टीच्या दिवशी दुकानात येऊन बसे अन् तिकडच्या गमती सांगे. "शबू, तू असती तं अजून मजा आली असती व." प्रेमानंच म्हने ती. मले काऊन टोचे मंग?

एक दिवस ती नरेशले घेऊन आली. सागाच्या डेपोत कामाले होता. हासरा, जरा बुजरा. त्याइच्याच समाजातला, कुळाचे देवंही जुळत होते. त्याइच्यात लगनाले ते पाहा लागते. धान कापून झालं का त्याच्या घरचे बुजुर्ग मागनीले जानार होते. बस, तेवढंच राह्यलं होतं. दोघं एका बाकड्यावर बसले, मधात हातभर जागा सोडून. मी फोटो काढला अन् मांगं बर्फाचा डोंगर लावला. बर्फाचा निळसर उजेड त्याइच्या गालावर आनाले अख्खी दुपार गेली माही. खोटं नाई सांगत, आजवर मी केलेल्यातला तो सगळ्यात चांगला फोटो आहे.

सुनीतानं पाह्यलं अन् तोंडावर हात ठेवून हासली. "कुठी नेऊन बसवलं व आमाले!" मंग जाताजाता म्हने, "पन कोनाले दाखवू नको, शबू. मागनी होऊ दे आधी."

"येडी का तू," मी म्हटलं.

त्यानंतरचा तो बाजाराचा दिवस. त्यात जुम्मा, अब्बा मशिदीत गेलेले. सुनीताचा मोठा भाऊ, मंगरूभाऊ, गावातल्या दोघाइले घेऊन फोटो काढाले आला. मी काढले अन् आत प्रिंट कापाले गेली. बाहीर कॉम्प्युटर मोकळा. कैची चालवतानी मले आयकू येत होतं — बाकावरची तीन मानसं बोलत होती, हासत होती. अन् मंग ती चूप झाली.

मी बाहीर आली तवा पडद्यावर बर्फाचा डोंगर होता. तोही विरघळला, कोन्या तरी लेकराचा ताजमहाल आला. मंगरूभाऊ उभा होता. आवाज चढवला नाई त्यानं.

"बाई, हा फोटो इथी कोनं लावला?"

त्याले प्रेमाचा राग नव्हता, हे समजून घे. त्याइच्यात पोट्टे-पोट्टी एकमेकाइले पसंत करतात, त्यात वावगं नाई. पन मागनी व्हाच्या आधी बाजारात फोटो? म्हंजे घरच्याइले विचारलं नाई, बुजुर्ग पाठवले नाई, अन् पोरगी आपली म्हनून मिरवून टाकली! तेबी गावच्या मानसाइसमोर. "आमच्याकडे घरी येऊन मागतात पोरगी," तो म्हने. "असं बाजारात मांडत नाई."

मी कापलेले प्रिंट काउंटरवर ठेवले. मंगरूभाऊ थांबला असता, अब्बा आले असते, अब्बाइले कळलं असतं — अन् दुसऱ्या दिवशी मी चुलीसमोर. कायमची. ते एकच आभाळ होतं माह्याजवळ, तेबी गेलं असतं.

"नरेशनंच सांगतलं," मी म्हटली. "लाव म्हने."

किती सोपं निंघालं तोंडातून! जसं आधीपासून तयारच होतं.

आता तू म्हनशीन, घाबरली पोट्टी, बोलून गेली. मीबी कित्येक वर्षं स्वतःले हेच सांगतलं. फोटो चुकून त्या फोल्डरात गेला, घाबरून तोंडातून निंघालं, झालं. पन चुकून नव्हता गेला. ऐक. सुनीतानं नको म्हटलं त्या दिवशी मी तो फोटो 'बेस्ट'मधून काढला होता. काढला, अन् रिकामं रिकामं वाटाले लागलं. काईच दिवसांनी मीच तो वापस टाकला, माह्या या हातानं. मले तो लोकाइले दाखवाचा होता. अन् त्याच्या खाली अजून एक गोष्ट आहे — मी जळत होती. तिचं कॉलेज, तिचा नरेश, तिचं ते कुठीही हुंदडनं. तिचं नुकसान व्हावं असं वाटे का मले? नाई, तसं नाई. पन तिचं गुपित माह्या मुठीत आहे, हे बरं वाटे मले. लाज वाटते सांगतानी, पन बरं वाटे.

तेवढ्यावरबी थांबली असती तं मी आज इथी बसून हे सांगत नसती.

दुसऱ्या दिवशी सुनीता आली. डोळे सुजलेले. अब्बा काउंटरवर होते, ती सरळ माह्याजवळ आली अन् माहा हात धरला. "शबू, दादा काईबी म्हनते. तू सांग. नरेश म्हनला का खरंच? तू म्हनशीन तेच मी मानीन."

तेच मी मानीन, म्हनली ती. एक शब्द लागत होता मले. नाई. बस, एवढाच. अब्बांची पाठ होती आमच्याकडं, पन कान होते ना.

"हो," मी म्हटली. अन् वरून जोडलं — कोनं सांगतलं होतं मले जोडाले? — "हासत म्हने. पाहू दे लोकाइले, म्हने."

तिनं माहा हात सोडला. रागानं नाई, हळू सोडला. होस्टेलातली पेटी घेऊन त्याच दिवशी गावाले गेली, अन् कॉलेजले परत आली नाई.

मंग नरेश आला. दारातच उभा राह्यला, चपला काढून. "शबाना, मी कवा म्हटलं व? सांग ना." मी घोड्याकडं पाहत राह्यली, पडद्यावरच्या. माउस हलवत होती, तो पळत होता. अब्बांनी माह्याकडं पाह्यलं, मंग त्याच्याकडं. माह्या सीध्या-साध्या अब्बांनी, ज्याइनं कोन्या गिऱ्हाइकाले कवा अरे म्हटलं नाई, त्या पोराले दुकानातून हाकलून देलं. पोरीच्या इज्जतीशी खेळतो म्हनून. मी पाहत बसली. तो गेल्यावर अब्बांनी माह्या डोक्यावर हात फिरवला.

धान कापून झालं. मागनीले कोनी गेलं नाई. नरेश बल्लारपूरकडं निंघून गेला म्हनतात, पुढचं मले मालूम नाई. सुनीताचं लगन एटापल्लीच्या तिकडं कुठीतरी लावून देलं. अन् मी? मी थीम बदलवली. 'बेस्ट' फोल्डर पुसला, स्क्रीनसेव्हरमधी मासोळ्या लावल्या. कॉम्प्युटर माह्याजवळच राह्यला. जे वाचवाचं होतं ते वाचलं माहं.

लगनानंतर मी चंद्रपूरले आली. नवऱ्याचं दुकान आहे, फोटोचं. काउंटरवर मीच बसते. घर ते दुकान, दुकान ते घर.

एक दिवस एक बाई पोरीले घेऊन आली, शाळेच्या अ‍ॅडमिशनसाठी फोटो पाह्यजे म्हने. मी मान वर केली. सुनीता. तिनंबी ओळखलं. केवढी खूश झाली! काउंटरवरून हात पुढं करून माहा हात धरला, तसाच. पोरीले म्हने, "हे तुही शबूमावशी." मंग पोरगी आरशासमोर केस नीट कराले गेली तवा ती हळूच बोलली.

"तुले मालूम आहे का शबू, त्या वक्ती तू खरं बोलली म्हनून वाचली मी. नाईतं त्याच्या मागं गेली असती येड्यावानी. त्यानंतर मी कोनाच्याच बोलन्यावर भरोसा नाई ठेवला, नवऱ्याच्याबी नाई. एक तूच होती खरं बोलनारी."

अब्बा नव्हते तिथी आता. अब्बा जाऊन वर्षं झाली. कॉलेज नव्हतं, चूल नव्हती, भ्याव नव्हतं कशाचंच. दुकानात आम्ही दोघी अन् ती पोरगी.

मी पोरीले स्टुलावर बसवलं. हनुवटी जराशी वर कर, म्हटलं. मांगं पांढरा पडदा होता, तो तसाच ठेवला. जातानी सुनीतानं माहे दोन्ही हात हातात घेतले, थँक्यू म्हने, त्या वक्तीचं राह्यलं होतं.

अन् मी ते घेतलं.