आकड्याविना माशी

धुळ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या अभिमन देवरे सरांना सगळे ‘माशीवाले सर’ म्हणत. त्यांची माशी घरातली नव्हे, वाहत्या पाण्यातली. तिची अळी वाळूचे कण आपल्याच धाग्याने जोडून नळीसारखं घर बांधते, मोठी झाली की केसाळ पंखांची करडी माशी होऊन तिन्हीसांजेला उडते. पुस्तकात तिला कॅडिस म्हणतात. आमच्याकडे तिला कोणी काहीच म्हणत नाही, कारण तिच्यावाचून कोणाचं अडत नाही. स्टाफरूममध्ये चहा आला की हमखास कोणीतरी विचारी, “काय सर, माशी पास झाली का?”

१९८६ साली साक्रीच्या डोंगरातल्या एका नाल्याकाठी सरांनी पांढरं धोतर ताणून त्यापुढे पेट्रोमॅक्स लावली. नाल्यावर धरण मंजूर झालं होतं, दगड येऊन पडले होते. उजेडाला येऊन धोतरावर बसलेल्या माश्यांत एक नर आणि काही माद्या अशा निघाल्या की कुठल्याच वर्णनाशी जुळेनात. जात नवी होती. पण या माश्यांची जात नराच्या पोटाच्या टोकाला असलेल्या हुकासारख्या आकड्यांवरून ठरते. पंख-पाय किती का निराळे असेनात, आकड्यांचं चित्र नसेल तर नाव नाही. माद्या या कामात मोजत नाहीत.

सरांनी पंखांच्या शिरा काढल्या, डोकं काढलं, पायांवरचे काटे काढले. सगळ्यात शेवटी नराच्या पोटाचं टोक कापून काचेच्या वाटीत कॉस्टिक पोटॅशमध्ये टाकलं. मऊ भाग विरघळतो, आकडे उघडे पडतात. सकाळी ते पाण्यात काढायचे, उशीर झाला तर तेही जातात, मग चित्र करायचं. त्याच संध्याकाळी शिरपूरकडच्या गावाहून निरोप आला, आई गेली.

सर थोरले. दहा-बारा दिवसांनी सुतक फिटतं, त्या गंधमुक्तीपर्यंत अग्नी दिलेल्याने गावाची शीव ओलांडायची नाही. गावातला फोन बंद होता. तो नेहमीच असे. चुलतभाऊ झुलाल रजेचं सांगायला धुळ्याला निघाला, तेव्हा सरांनी त्याला बाजूला घेऊन समजावलं, की शिपायाला म्हणावं, प्रयोगशाळेच्या खिडकीतल्या वाटीतला तुकडा चिमट्याने उचलून पाण्यात टाक. झुलालने मान हलवली. सुतकातल्या माणसापुढे सगळेच मान हलवतात.

गंधमुक्ती उरकून सर डोक्याचा गोटा घेऊन कॉलेजात आले. विभागाने शोकसभा घेतली होती आणि आदर म्हणून प्रयोगशाळेला कुलूप लावलं होतं. मग परीक्षा लागल्या, आदर तसाच राहिला. सरांनी कुलूप काढलं तेव्हा वाटीत एक पांढरी खपली होती. तिच्यावर पाणी सोडलं तर आकड्यांसकट गाळ झाला.

पुढच्या रविवारी गावी जाऊन त्यांनी झुलालला विचारलं. तो ओट्यावर तंबाखू मळत होता.

“भाऊ, तठे बठ्ठा डोया मिटीसन उभा व्हतात,” तो म्हणाला. “माय मरी जायेल शे, आनि मी किडाना ढुंगननी गोट कशी काढू? तुनीच लाज जाती.”

शोकसभेत सगळे डोळे मिटून उभे असताना त्याने किड्याची गोष्ट काढली नाही. त्याचं चुकलं होतं असं गावात कोणीही म्हटलं नसतं.

विभागप्रमुख चौधरी व्यवहारी माणूस. म्हणाले, “भिंगातून पाहिलं होतं ना तुम्ही? मग आठवून काढा. धरण झालं की तिथे कोण बुडी मारून तपासणार आहे?”

सरांनी काढलं. पोटॅशमध्ये टाकण्यापूर्वी केसांआडून पाहिलेला आकडा सहज उतरला. प्रश्न टोकाचा होता, ते एकेरी होतं की दुभंगलेलं. जात त्यावरच ठरणार होती. त्यांनी दोन्ही काढून पाहिली. दोन्ही खरी वाटली, आणि त्यालाच ते भ्याले. दोन्ही कागद चुलीत गेले. त्यांवर चहा चांगला उकळला, असं त्यांच्या पत्नी सुनंदाबाई सांगतात.

नाल्याकडे ते पुन्हा गेले, पण बांधकाम वर चढलं होतं आणि पाणी अडलं होतं. थांबलेल्या पाण्यात ही माशी राहत नाही. तरी सरांनी धोतर ताणलं, पेट्रोमॅक्सला पंप मारला. धोतर डासांनी काळं झालं.

माद्या कॉलेजच्या कपाटात स्पिरिटमध्ये आहेत. बाटलीवरच्या चिठ्ठीत नाला आहे, तारीख आहे, जातीच्या जागी रेघ आहे.