चेंजओव्हरवाल्या भाभी

दुकानात शिरून कुणी "जनरेटर दाखवा" म्हणालं, की भाभी मशीनकडे बघायच्याच नाहीत. केसात खोचलेली पेन्सिल काढायच्या, वहीचं पान फाडायच्या आणि विचारायच्या, "आधी सांगा, लाईट गेल्यावर थांबून चालणार न्हाई असं घरात काय हाय?"

गिऱ्हाईक गोंधळायचं. तुम्हीही गोंधळला असता. माणूस आलेला असतो मशीन बघायला, आणि ही बाई त्याच्या घरातल्या फ्रीजची आणि म्हाताऱ्या माणसांची चौकशी करते.

आंबेगाव तालुक्यात, कळंबला रस्त्याच्या कडेला त्यांचं मोटारी, पंप आणि जनरेटरचं दुकान होतं. सासरे राजस्थानातून आलेले जैन, पण भाभींचा जन्म जुन्नरचा. बोलणं तुमच्याआमच्यासारखंच. मालक गेल्यावर दुकान बंद होईल असं बाजारपेठेनं गृहीत धरलं होतं. भाभींनी महिनाभरात पाना हातात घेतला. गंमत म्हणजे लोकांना उजेड विकणाऱ्या या बाई स्वतः मात्र दिवस मावळायच्या आत जेवून मोकळ्या व्हायच्या. "माझ्या ताटाला लाईट लागत न्हाई," असं हसून सांगायच्या.

त्या जूनमध्ये टीव्हीवर वादळाचा नकाशा दिसू लागला. कोकणातून डोंगर ओलांडून ते जुन्नर-आंबेगावकडे येणार होतं. आमच्याकडे वादळ म्हणजे वळवाचा तासाभराचा दंगा. पण या वेळी ग्रामपंचायतीची गाडी भोंगा लावून फिरू लागली आणि गावाच्या अंगात वारंच शिरलं. जो तो पत्रे बांधतोय, टाक्या भरतोय. खोटं कशाला सांगू, मलाही लहान मुलासारखी हुरहूर लागली होती.

पण माझ्या घरात आई होती. तिची फुप्फुसं दुबळी झालेली, दिवसातले बरेच तास नाकाला ऑक्सिजनच्या मशीनची नळी. ते मशीन विजेवर चालायचं. मी धावतच दुकानात गेलो आणि सगळ्यात मोठ्या डिझेल जनरेटरवर हात ठेवला.

"हा द्या."

"सर, लग्न हाय का घरात?" भाभी म्हणाल्या. "काय काय चालवायचं?"

मी शाळेत विज्ञान शिकवतो. ऑक्सिजन मशीन, फ्रीज, पंखे, विहिरीवरची मोटर, सगळ्यांचे वॅट मांडून बेरीज दाखवली. त्यांनी मोटरीवर काट मारली. "टाकी आजच भरून ठेवा. वादळात पाणी उपसायला कोण जातंय?" फ्रीजपुढे मात्र त्यांनी आकडा तिप्पट केला. "सुरू व्हताना लई ओढतो त्यो. तुमच्या पुस्तकात असंल की."

पुस्तकात होतं. मीच विसरलो होतो.

शेवटी त्यांनी कोपऱ्यातला एक लहानसा पेट्रोलचा जनरेटर पुढे ओढला. आवाज कमी, करंट एकसारखा. "आईंच्या मशीनला वरखाली करंट चालत न्हाई, आतलं कार्ड जळतं. आणि ऑक्सिजनचा एक सिलिंडर भरून आणा. एकट्या मशीनच्या भरवशावर माणूस ठेवायचं नसतं."

मी मशीन उचलायला वाकलो, तर म्हणाल्या, "थांबा, मी बसवल्याबिगर जायचं न्हाई."

तासाभरात त्या स्कूटरवरून आमच्या दारात. पुढे पाय ठेवायच्या जागेत मशीन, मागे वायरमिस्त्री. आल्या आल्या त्यांनी घराला एक फेरी मारली. गोठ्याचे पत्रे तारेनं आवळायला लावले, खिडकीवर झुकलेली शेवग्याची फांदी तोडायला लावली, गच्चीवरच्या कुंड्या खाली आणवल्या. जनरेटर मी पडवीत ठेवणार होतो. त्यावर भाभींचा आवाजच चढला. "धूर आत गेला म्हंजे? झोपेत माणसं जातात, सर!" गोठ्याच्या आडोशाला, खिडक्यांपासून लांब त्यांनी जागा ठरवली.

मग भिंतीवर एक जाड दांड्याची पेटी बसवायला घेतली. चेंजओव्हर. दांडा वर केला की बाहेरची वीज, खाली केला की जनरेटरची. दोन्ही एकत्र कधीच नाहीत.

"हे राहू द्या ना," मी म्हणालो. "जनरेटरची पिन सॉकेटात घातली की घर चालतं. सगळे तसंच करतात."

भाभींनी मिस्त्रीच्या डब्यातले स्क्रू निवडायला घेतले. मग हळू आवाजात म्हणाल्या, "एकानं केलं व्हतं तसं. घरातला करंट उलटा लायनीवर गेला. खांबावर वायरमन व्हता. लाईन बंद हाय म्हणून बिनघोर चढलेला. पंचविशीचं पोरगं." मिस्त्रीच्या हातात स्क्रू देत त्या पुढे म्हणाल्या, "मशीन आमच्या दुकानातलं व्हतं."

पेटी बसली.

निघताना त्यांनी माझ्या बायकोला जवळ बोलावलं. "सर विसरतील. ताई, तुमी शिका." पेट्रोलचा कॉक, चोक, मग दोरी. तिच्याकडून पाच वेळा करून घेतलं.

वादळ दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. आधी झाडं एका बाजूला झुकली आणि तशीच राहिली. मग कुणाच्या तरी शेडचा पत्रा पतंगासारखा आभाळात गेला. दोनच्या सुमारास वीज गेली आणि आईचं मशीन किंचाळून बंद पडलं. मी सिलिंडर लावला आणि गोठ्याकडे पळालो. दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली, पुन्हा ओढली.

"अहो, चोक!" चिंब भिजलेली बायको ओरडत आली, मला बाजूला सारून तिनं चोक ओढला, एक हिसका दिला आणि मशीन घुरघुरू लागलं. आम्ही दोघं त्या पावसात वेड्यासारखे हसलो. घरात आलो तर आई नळी सावरत विचारत होती, "एवढं काय झालं हसायला?"

नऊ दिवस वीज आली नाही. खांब उसासारखे आडवे झाले होते. आमचा ओटा म्हणजे गावाचं मोबाईल चार्जिंगचं ठिकाण झाला. आणि भाभी? ज्या ज्या गावात त्यांनी जनरेटर विकले होते, तिथे वायरमन खांबावर चढायच्या आधी त्या हजर. हातात घरांची यादी. कुणाच्या परसात इंजिनाचा आवाज आला की सरळ आत शिरायच्या. "दांडा कुठं हाय, दाखवा." पेटी नसेल तर मशीन बंद करून समोर उभ्या राहायच्या. लोक चिडायचे. एकजण म्हणाला, "तुमचं मशीन न्हाई हे, भाभी!" त्या म्हणाल्या, "वायरमन माझे हायेत."

नवव्या दिवशी संध्याकाळी आमच्या वस्तीवर वीज आली. पोरं "आली, आली!" करत रस्त्यावर उतरली, कुणी थाळ्या वाजवल्या, मीही ओरडलो. भाभी ट्रान्सफॉर्मरच्या डीपीखाली उभ्या होत्या. दिव्यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. खांबांवरून उतरून बांधाबांधानं परत येणारी माणसं त्या मोजत होत्या. चौथा जवळ आल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि स्कूटरला किक मारली. दिवस मावळत आला होता, त्यांचं जेवण राहिलं होतं.

आई त्यानंतर तीन वर्षं जगली. भाभी गेल्या पावसाळ्यात गेल्या, चार दिवसांच्या तापानं.

त्या दिवशी बाजारपेठ बंद होती. आम्ही स्मशानातून परतत असताना समोरून विजेच्या खात्याची गाडी आली. पारगावकडची लाईन तुटली म्हणून त्यांना उशीर झाला होता. सहाजण खाली उतरले, बूट चिखलानं भरलेले, कमरेला अजून पट्टे. वयानं मोठ्या वायरमननं मला विचारलं, "झालं का, सर?"

"हो," मी म्हणालो.

ते सहाही जण रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मग एकेकानं डोक्यावरचं हेल्मेट काढलं.