डागांचा पराशा

पाहुण्यांना कोणत्या शनिवारी बोलवायचं हे आईनं ठरवलं, आणि तिथंच घोळ झाला. पेसाहचा सण आटोपावा, घरात पुन्हा खमिराचं पीठ यावं, पुण्याच्या माणसांवर कडक बिनखमिराच्या भाकरी चावत बसायची वेळ येऊ नये, एवढाच विचार तिनं केला. त्या आठवड्यात पराशा कोणता येतो हे बघायचं राहिलं. शेजारच्या काकूंनी अमावस्या तेवढी बघितली असती. आमच्यात पराशाही बघावा लागतो.

आम्ही बेने इस्राएल. तोरा हा आमचा मूळ ग्रंथ. वर्षभरात तो वाचून पुरा व्हावा म्हणून दर शनिवारी त्याचा एकेक भाग वाचतात, त्या भागाला म्हणायचं पराशा. निजामाच्या अमदानीत आजोबा नोकरीसाठी औरंगाबादला आले. पोलीस अ‍ॅक्शननंतर बाबांना नव्या सरकारच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियरची जागा मिळाली आणि आम्ही इथलेच झालो. गावात आमची मशीद नव्हती. सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो, त्यामुळं हिंदू शेजारी आम्हाला मुसलमान समजायचे आणि मुसलमान शेजारी ख्रिश्चन. बाबा दोघांनाही दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नसत. तर मशीद नाही म्हणून छावणीतल्या आमच्या भाड्याच्या घरात, पुढच्या खोलीत, शनिवारी सकाळी बाबा पराशा वाचायचे. करमाडचा पूल असो की लासूर स्टेशनचा रस्ता, शुक्रवारी दुपारी ते काम सोडून घरी पोचलेले असायचेच.

नुसतं वाचून भागत नसे. बाबा एक ओळ हिब्रूत वाचत, तिचा अर्थ मराठीत सांगत, मग जुन्या राब्बींनी, म्हणजे धर्मपंडितांनी, त्या ओळीवरून काय काय वाद घातले ते सांगत. त्यानंतर खोलीतल्या प्रत्येकानं एक शंका काढायची, लहानापासून सुरुवात करून. शंका खरी पाहिजे. उगाच काढलेली शंका त्यांना लगेच कळायची. 'काही नाही' म्हणायची सोय नव्हती. शंका नसेल तर ओळ पुन्हा वाच, म्हणायचे. स्वतः मात्र ते कुणाची शंका कधी टाळत नसत. उत्तर येत नसलं की 'मला ठाऊक नाय' असं सरळ सांगायचे. मला या सगळ्याचा मनापासून कंटाळा होता. मी कॉलेजात जात होते, मैत्रिणी शनिवारी हुंदडायला बाहेर पडायच्या, आणि मी घरात बसून उंट खायला का चालत नाही यावर डोकं खाजवत असायचे. ताईला मात्र ते आवडायचं. ती बाबांची खरी शिष्य; वादात त्यांना पुरून उरायची.

त्या आठवड्याचा पराशा होता अंगावरच्या पांढऱ्या डागांचा. कुणाच्या कातडीवर डाग उठला तर त्याला कोहेनकडं, म्हणजे पुरोहिताकडं न्यायचं. त्यानं डाग नीट बघायचा, संशय वाटला तर माणसाला सात दिवस कोंडून ठेवायचं, पुन्हा बघायचं, आणि मग शुद्ध की अशुद्ध ते जाहीर करायचं. आणि ज्या ताईला बघायला पुण्याची माणसं येणार होती, तिच्या डाव्या हाताला, कोपराच्या आतल्या बाजूला, कोड होतं.

हे घराबाहेर फक्त शहागंजातल्या एका हकिमांना माहीत होतं. त्यांनी बावचीचं तेल दिलं होतं. ते लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात हात धरायचा, एवढंच त्यांनी सांगितलेलं. पण आईला दम कुठला! तिनं ताईला भर दुपारी गच्चीत बसवलं. डाग जागचा हलला नाही, वर फोड मात्र आले. आईची तरी काय चूक म्हणू? मराठवाड्यात आमची घरं बोटांवर मोजण्याइतकी. सोयरीक जुळायची ती पुण्यामुंबईतच, आणि तिथं एका मशिदीत कळलेली गोष्ट पुढच्या सणापर्यंत सगळ्या मशिदींत कळलेली असते. शिवाय हे स्थळ ताईला हवं होतं. हिवाळ्यात पुण्याला एका लग्नात त्या मुलाशी तिचं बोलणं झालं होतं आणि तिथून आल्यापासून ती भांडी घासतानाही गुणगुणत होती.

पराशाचं आईच्या लक्षात आलं ते गुरुवारी. मग घरात जे सुरू झालं ते झोपेपर्यंत संपेना. आई म्हणत होती, या वेळेला पुढचा वाचा, मागचा वाचा, घसा बसलाय म्हणा. बाबा म्हणत होते, पराशा आपल्या सोयीनं मागंपुढं होत नाय. शेवटी ताईच मधे पडली. बाबांना वाचू द्या, म्हणाली, मुलाला मी स्वतःच सांगणार आहे. त्यावर आई रडायलाच लागली. साखरपुडा होईपर्यंत तोंड उघडणार नाहीस असं तिनं ताईकडून कबूल करून घेतलं. बाबांनी यावर एक शब्द काढला नाही. ग्रंथाचं पान राखायला एवढा जोर, आणि इथं मिठाची गुळणी! मला त्यांचा फार राग आला.

मुलगा, त्याची आई आणि वडील असे तिघं शुक्रवारी दुपारच्या एसटीनं आले. शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनच्या विसाव्याच्या दिवशी, प्रवास करत नाहीत, तेव्हा शनिवारी दिवस मावळेपर्यंत ते आमच्याच दोन खोल्यांत. घराची नुसती भट्टी झालेली आणि ताई मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घालून वावरत होती. मुलाच्या आईनं आल्या आल्या हटकलं, की एवढ्या उन्हाचं हे काय? आईनं ते शाळेच्या शिस्तीवर ढकललं, कारण ताई शाळेत शिकवायची. बाई हसल्या, पण त्यांची नजर बाहीवर टिकली.

शनिवारी सकाळी सगळे पुढच्या खोलीत बसलो. बाबांनी डागांच्या ओळींचा अर्थ सांगायला सुरुवात केली आणि आई पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. ताईनं उजव्या हातानं डावं कोपर धरलं होतं. तिला ते कळतही नसावं. मला तो हात तिथून ओढून काढावासा वाटत होता.

पहिली शंका माझी. ऐनवेळी मला एवढंच सुचलं, की डाग बघायला वैद्य सोडून पुरोहित कशाला? बाबा म्हणाले, डाग बरा करणं हे कोहेनचं कामच नव्हे, त्यानं बघायचं आणि बोलायचं. मग ताईनं विचारलं, सात दिवस कोंडलेल्या माणसाशी बोलायला कोण जायचं? बाबा म्हणाले, मला ठाऊक नाय. मग मुलाची पाळी आली. त्यानं विचारलं, कोहेननं बघितलंच नाही तर? त्यावर बाबा खुलले. डाग केवढाही असो, ते म्हणाले, कोहेन तोंडानं अशुद्ध म्हणत नाही तोवर माणूस शुद्धच. ढगाळ दिवशी डाग बघायचा नाही. नवरदेवाच्या अंगावर डाग दिसला तर लग्नाचे सात दिवस त्याला सुखानं राहू द्यायचं, नंतर बघायचं. आणि आपल्या लोकांत तर कोहेन नाहीतच, तेव्हा तो शब्द काढणार कोण? मुलगा मोकळेपणानं हसला. आईचा हात पदरावरून सुटला. निभलं बुवा, असं मला वाटलं.

मग मुलाच्या आईनं विचारलं, "म्हणजे डाग झाकून ठेवला तर चालतो, असंच ना?"

याचं उत्तर बाबांना पाठ होतं. मी ते दरवर्षी त्याच खोलीत ऐकत आले होते: डाग कापून, जाळून, कसाही मिटवायला तोरेत मनाई आहे. बाबांनी आईकडं बघितलं, पान उलटलं आणि पुढची ओळ वाचायला लागले.

"बाबा, त्यांच्या शंकेचं उत्तर राहिलं," ताई म्हणाली. तिच्या मनात काही होतं असं मला आजही वाटत नाही. दर शनिवारची सवय, तिच्या तोंडून निघून गेलं.

मुलाच्या आईनं आता ताईकडं बघितलं. "हाताला काही लागलंय का गं? सकाळपासून धरून बसलीयेस."

"भाजलंय," बाबा म्हणाले. त्यांचं बोट अजून ओळीवरच होतं. "तव्याचा चटका बसला. दुसरं काय नाय."

शब्बाथच्या दिवशी, तोरेसमोर बसून बाबा खोटं बोलले. ते पोरीसाठी बोलले हे मला कळत होतं, आईचा जीव भांड्यात पडला असेल हेही कळत होतं. पण ताईचा चेहरा बघवत नव्हता. ती त्यांच्याकडं बघत राहिली, ते पानावरून डोळे उचलेनात. मग तिनं मनगटाचं बटण काढलं.

"चटका तव्याचा नाही, बावचीच्या तेलाचा आहे," ती म्हणाली. "तेल कोडावर लावलं होतं." बाही कोपराच्या वर चढवून तिनं हात मुलाच्या वडिलांसमोर धरला. "तुम्ही बघा. बाबांना नाही बघता यायचं. नात्यातल्या माणसाचा डाग बघू नये, असं एका राब्बींचं म्हणणं आहे."

मुलाचे वडील चष्मा काढून पुसत बसले. मुलानं मात्र हाताकडं बघितलं आणि दुखतं का, म्हणून विचारलं. फोडांचं दुखायचं, ती म्हणाली, डागाचं काही नाही. तो आणखी काही बोलणार, तोच त्याच्या आईनं डोकं दुखतंय म्हणून त्याला आतल्या खोलीत बोलावून घेतलं.

आता जायचंय कुठं! शब्बाथ. एसटीत बसता येत नाही, चूल पेटवता येत नाही, पाहुण्यांना जा म्हणता येत नाही. ती दुपार माझ्या वैऱ्यालाही नको. आईनं आदल्या दिवशीचं जेवण वाढलं. ताईनं पुढं केलेलं ताट मुलाच्या आईनं हलक्या हातानं बाजूला सारलं, भूक नाही म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं माझ्याकडून दोनदा भात मागून घेतला. मला तो त्यांच्या डोक्यावर ओतावासा वाटला. बाबा दुपारभर ग्रंथातच डोकं घालून बसले होते. मुलगा खिडकीशी बसून रस्त्याकडं बघत होता. ताई त्याच्यापासून दोन हातांवर, बाही तशीच वर चढवून. तो एकदा जरी वळला असता तर तिनं आईला दिलेला शब्द मोडल्याचं सार्थक झालं असतं. तो वळला नाही.

आकाशात तारे दिसले. बाबांनी सब्जाची पानं हुंगायला सगळ्यांपुढं फिरवून शब्बाथ संपवला. पाहुणे 'कळवतो' म्हणाले आणि एसटी स्टँडकडं निघून गेले. पुढं कधी काही कळलं नाही. ते तर त्यांच्या पाठमोऱ्या चालण्यातच कळलं होतं.

आई स्वयंपाकघरात जाऊन रडत बसली. ताई पाहुण्यांच्या अंथरुणाच्या चादरी गोळा करत होती. बाबा दारात उभे होते.

"बाबा," ती न वळता म्हणाली, "तुम्हाला माझी लाज वाटली का?"

हे विचारायला नको होतं, असं मला वाटलं. बाबा काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेतील, आणि मग ताई त्यांच्यासमोर पुन्हा कधी बसणार नाही, अशी भीती वाटली.

"व्हय," ते म्हणाले. "वाटली."

ताईनं मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेवढंच. तिनं चादर झटकली आणि बाबांनी पुढं होऊन दुसरं टोक धरलं. आमच्या घरात मोठी चादर दोघंच घडी करायचे. एक घडी घालून ते तिच्याजवळ आले, तिच्या हातात टोकं देताना दिव्याच्या उजेडात तिचा उघडा हात त्यांच्या अगदी समोर आला. बाबा थांबले. टोकं हातात तशीच राहिली. ते खूप वेळ बघत होते.

"एवढा मोठा?" ते म्हणाले. "तुझी आई मला चिंचोक्याएवढा म्हणाली होती."

"तेव्हा होता," ताई म्हणाली. "नंतर तुम्ही कधी विचारलं नाय."